नकाशामागचा चिंचोका

बाई,

काल पुन्हा तेच झालं. प्रश्न मी विचारला आणि टाळ्या तिला मिळाल्या. देवळापुढच्या मंडपात ग्रामसभा भरली होती. मी उठून विचारलं, वरच्या आळीच्या नळाला सकाळभर पाणी असतं आणि खालच्या आळीत दुसरा हंडा भरायच्या आत धार बारीक होते, हे कोणी ठरवलं आणि कुठल्या सभेत ठरलं? ग्रामसेवक चष्मा पुसत राहिले. मग ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "हे कोणीच ठरवलेलं नाही, म्हणून तर इतकी वर्षं चाललंय. उद्यापासून दोन्ही आळ्यांना सारखा वेळ. आणि व्हॉल्व्ह फिरवताना दोन्ही आळ्यांचं एकेक माणूस तिथे उभं राहील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण पहिल्या रांगेत बसून हात मांडीवर ठेवले तर दिसतं. वाजवता वाजवता मला नववीचा वर्ग आठवला, कोपऱ्यातला माठ आठवला आणि तुम्ही आठवलात. ती कोण हे तुम्हाला सांगायला नको. पण ती आता माझी वहिनी आहे आणि आमच्या वॉर्डातून निवडून आलेली पंचायतीची सदस्य आहे, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. ते सगळं तुम्ही गेल्यानंतरचं.

नववीत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. मी खाडीकाठच्या गावातून यायचे, ती विरारच्या मनवेलपाड्यातून. तिचे वडील मुंबईत कचेरीत होते आणि त्यांच्या घरी रोज वर्तमानपत्र यायचं. आमच्या घरी ते सुकट बांधलेलं यायचं. मी 'पानी' म्हणायचे आणि वर्ग हसायचा. ती हसायची नाही, हळूच माझ्या कानात 'पाणी' म्हणायची. तिचा हा चांगुलपणा मला हसणाऱ्यांपेक्षा जास्त लागायचा. नागरिकशास्त्राचा तास इतर वर्गांत गणिताला देऊन टाकत, इतक्या थोड्या गुणांचा तो विषय. तुम्ही मात्र तो तास कोणाला दिला नाहीत. वर्गप्रतिनिधी शिक्षकांनी नेमायचा ही शाळेची रीत, आणि तुम्ही म्हणालात की ज्याचं ऐकायचं त्याला निवडायचा हक्क ऐकणाऱ्यांना हवा. मग विचारलंत, कोण उभं राहणार? तिने हात वर केला. बाकी कोणी करेना. तुम्ही खडू खाली ठेवलात. "एकटीच उभी राहिली तर ती निवडणूक नव्हे, ते हळदीकुंकू झालं. आणखी कोण?" तेव्हा मी हात वर केला. तिने माझ्याकडे बघून इतकं मोकळं हसून दाखवलं की मला वाटलं, हा खेळच आहे.

तुमची ती मतदानाची पद्धत मी पुढे कॉलेजात मैत्रिणींना सांगायचे आणि त्यांना खरी वाटायची नाही. महाराष्ट्राचा कापडी नकाशा तुम्ही कोपऱ्यात दोरीवर आडवा टांगलात. त्याच्यामागे दोन मडकी. एकावर खडूने केळं काढलेलं, ते माझं. दुसऱ्यावर दिवा, तो तिचा. नावं लिहिली नाहीत, कारण मत द्यायला वाचता यावं लागत नाही, असं तुमचं म्हणणं. दोन्ही मडक्यांच्या तळाशी भाताचं तूस घातलं होतं. आधीच्या वर्षी चिंचोका पडल्याच्या आवाजावरून पोरांनी ओळखलं होतं की कोणी कुठे टाकला, म्हणून ही युक्ती. प्रत्येकाला एक चिंचोका. तुम्हालाही एकच. एका मुलाने विचारलं, "बाई, तुम्ही पण?" तुम्ही म्हणालात, "मीही याच वर्गात दिवस काढते ना? पण माझा चिंचोका तुझ्याहून जड नाही." आणि नकाशामागे जाण्याआधी प्रत्येकाला बजावलंत, आत काय केलं ते शेजाऱ्याला सांगायचं नाही, घरी सांगायचं नाही, मलाही सांगायचं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी आत जरा जास्तच वेळ उभी राहिले असेन. बाहेरून तुमचा आवाज आला, "झालं का गं?"

मोजणीचा तुमचा नियम तर मला आजही कुठल्याही कायद्यापेक्षा शहाणा वाटतो. आपली मतं आपण मोजायची नाहीत. तिचं मडकं माझ्यापुढे, माझं तिच्यापुढे. तुसातून चिंचोके वेचून रांगेत मांडायचे. मी तिचे मांडत होते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून माझी रांग बघत होते. रांगा सारख्या वाढत होत्या. शेवटी तिच्या मडक्यात आणखी एक निघाला. माझ्याच बोटांनी मी तो बाहेर काढला. एका चिंचोक्याने हरले, बाई, आणि त्या क्षणापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली, की तो एक तुमचा होता. मुलांनी कोणाला दिलं याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. वर्गात माझी किंमत तुमच्या एका चिंचोक्याएवढीच होती आणि तो तिच्याकडे गेला होता. तुम्ही सगळे चिंचोके एका पिशवीत ओतून हलवलेत, म्हणजे कोणाचा कुठला ते आता देवालाही कळायला नको. मी रडू आवरत मोठ्याने म्हणाले, "यांना नुसतं शुद्ध बोलणारं माणूस पाहिजे." तुम्ही मला उभं केलंत. "हरलेल्याने मतदारांना नावं ठेवायची नाहीत. हा पहिला नियम. बस खाली." बाकीचे सगळे नियम मी विसरू शकते, हा नाही, कारण तो तुम्ही सगळ्यांदेखत सांगितलात.

मग तुम्ही मला विरोधी पक्षनेता केलंत. दर शनिवारी शाळा सुटण्याआधी मी एक प्रश्न विचारायचा आणि तिने उत्तर द्यायचं. तुम्ही म्हणालात, "तुझं काम तिच्याहून अवघड आहे." मला वाटलं, हरलेल्या पोरीच्या हातावर ठेवलेला हा साखरेचा चमचा. तरी पहिला प्रश्न मी आठवडाभर घासूनपुसून तयार केला. वर्गातला माठ रोज मुलींनीच का भरायचा? ती उभी राहिली, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "बरोबर आहे. सोमवारपासून बाकांच्या क्रमाने भरायचा, मुलगा असो की मुलगी." मुलींनी बाकं वाजवली. तिच्यासाठी. प्रश्न माझा, पाणी सगळ्यांचं, आणि कौतुक तिचं. तुम्ही खिडकीपाशी उभ्या राहून हसत होतात, आणि मला दिसत होतं की तुम्ही तिच्याकडे बघून हसताय. आज राज्यशास्त्र शिकून झाल्यावर मला समजतं की तुम्ही आम्हाला काय शिकवत होता. सत्तेत बसणाऱ्याने उत्तर द्यायचं असतं, आणि ते देण्याची वेळ त्याच्यावर कोणीतरी आणावी लागते. समजणं वेगळं आणि जळणं वेगळं. पहिलं वयाबरोबर वाढलं, दुसरं कमी झालं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आईने तुमच्यासाठी सुकेळी दिली होती. राजेळी केळी उन्हात सुकवून, सुक्या पानात बांधून आई त्यांच्या गुंड्या करायची आणि मोजक्याच घरी पाठवायची. मी ती उराशी धरून तुमच्या घरी आले. दार उघडंच होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता. स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघते तर ती पाटावर बसलेली, पुढ्यात पोह्यांची बशी, आणि तुम्ही कढई खाली उतरवत तिला काहीतरी सांगत होता. तिला तुमच्या घरचा पाट ठाऊक होता. मला तर तुमच्या घराला मागचं दार आहे हेही ठाऊक नव्हतं. तुम्ही मान वर केलीत आणि म्हणालात, "ये, ये, विरोधी पक्ष आला!" तुम्ही दोघी हसलात. मी सुकेळी ओट्यावर ठेवली, आईने दिलीय म्हटलं आणि बस चुकेल असं सांगून निघाले. तुम्ही मागून हाक मारलीत, "अगं, पोहे तरी खा!" बस चुकणार नव्हती. ती पुष्कळ उशिरा होती. स्टॅंडवर बसून मी मनात म्हटलं, त्या मडक्यात कोणाचा चिंचोका पडला ते आता सांगायला नको.

तुम्ही आजारी होता हे मला तुम्ही गेल्याची बातमी येईपर्यंत माहीत नव्हतं. बारावीत होते मी. तिने घरी येऊन सांगितलं, तिचे डोळे सुजलेले. मी तुमच्या घरी पोहोचले तेव्हा माणसं दाटली होती आणि ती स्वयंपाकघरात पेले भरत होती. कुठला पेला कुठल्या फळीवर, पाण्याचं पिंप कुठे, सगळं तिला माहीत. तुमच्या बहिणीने तिला जवळ घेतलं. मी भिंतीला टेकून उभी होते. बाई, सांगायला लाज वाटत नाही, तुम्ही गेल्याच्या दुःखाआधी मला हे दुःख झालं, की तुमच्यासाठी रडण्याचा हक्कही तिचा पहिला.

पुढचं थोडक्यात सांगते. ती आमच्या घरी येतच राहिली, माझी मैत्रीण म्हणून. माझा भाऊ सातिवलीला एका कारखान्यात लागला होता. दोघांची ओळख मीच करून दिली, आणि लग्नात करवली म्हणून मिरवलेही मीच. मी बीए झाले, घरातली पहिली पदवीधर. बाबांनी पदवी काचेत बसवून देवांच्या फोटोशेजारी टांगली. आल्यागेल्याला दाखवायचे, "राज्यशास्त्र. म्हंजे राज्य कसं चालवायचं ते." चारचौघांत मी तिला वहिनी म्हणायचे आणि ती मला चिडवायला मुद्दाम "वन्सं" म्हणायची. दोघीच असलो की जुनंच 'अगं-तुगं'. आई तिच्या हातच्या आंबोळ्यांचं कौतुक करायची. मी ऐकायचे आणि वाल सोलत राहायचे.

आणि मग पंचायतीची निवडणूक आली. आमच्या गावाची रीत तुम्हाला माहीत नसेल. आमच्याकडे शिक्का मारायची वेळ कधी येऊच देत नाहीत. पुरुष मंडपात बसतात, या खेपेला कुठल्या घराची पाळी ते ठरतं, घर एक नाव सांगतं आणि तेवढाच अर्ज जातो. बिनविरोध. त्याचा गावाला फार अभिमान. बायकांसाठी जागा राखीव झाल्यावरही रीत तीच राहिली, फक्त घराने पुरुषाऐवजी सुनेचं नाव सांगायचं. त्या वर्षी आमच्या वॉर्डातली जागा बायकांची होती आणि पाळी आमच्या घराची. मी आठवडाभर हवेत होते. मला वाटलं, काचेतली पदवी आता खाली उतरणार.

मंडपात थोरले काका मधोमध बसले होते. ते गावातले सर्वांत वडीलधारे. त्यांना सगळेच काका म्हणतात. म्हणाले, "घर ठरलं. आता नाव बोला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "सूनबाईचं लिवा."

मी मागे बायकांत बसले होते, तिथून उठले. "काका, मी राज्यशास्त्र शिकलेय."

"शिकलीस म्हनून तर जानार तू," कोणीतरी पुरुषांतून म्हणालं. "शिकलेली पोर गावात राहते काय?" हशा झाला.

"मतदार यादीत माझं नाव आहे."

"ते लगीन होईपत्तर," काका शांतपणे म्हणाले. "सून गावात येते, लेक गावातनं जाते. यात तुझा अपमान नाय, पोरी. आपल्या गावात कधी शिक्का मारावा लागला नाय, हे भूषन हाय."

तेव्हा माझ्या तोंडून तुमचं वाक्य निघालं. "एकच नाव असेल तर ती निवडणूक नाही, काका. ते हळदीकुंकू झालं." मागे बसलेल्या बायका खुसखुसल्या, आणि मंडपात बायका हसल्याचं ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी चुलीवर तांदळाच्या भाकरी भाजत होती. मी सांगितलं, मी अर्ज भरणार. तिचा हात परातीत थांबला.

"माझ्याविरुद्ध?"

"तुझ्याविरुद्ध नाही. बिनविरोधच्या विरुद्ध. लोकांना निवडायला मिळालं पाहिजे. दोन नावं असली तरच मताला अर्थ..."

"ए, भाषण नको करूस," ती म्हणाली. "मीपण त्याच वर्गात होते. माझ्याविरुद्ध का, ते सांग."

तिने भाकरी उलटली, कडा दाबल्या, ती टम्म फुगली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला अजून तो चिंचोका टोचतोय."

बाई, हेच मला इतके दिवस स्वतःला विचारायचं नव्हतं. मी जे बोलत होते ते खरं होतं. त्यातला शब्द न् शब्द आजही खरा मानते. लेकीला गाव नसतं, हे कुठल्याही घटनेत लिहिलेलं नाही. पाळीने वाटून घेतलेली खुर्ची म्हणजे लोकांनी दिलेली सत्ता नव्हे. पण बाबांनी दुसऱ्या कोणाच्या सुनेचं नाव सांगितलं असतं तर मी तहसील कचेरीची पायरी चढले असते का? तत्त्व आणि मत्सर एकाच चुलीवर शिजत होते आणि कुठला वास कशाचा ते मला कळत नव्हतं. मी अर्ज भरला. भावाने माझ्याशी बोलणं टाकलं. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवसापर्यंत कोणी ना कोणी समजवायला येत होतं. वहिनी एकदाही म्हणाली नाही की मागे घे.

मला छत्री मिळाली, तिला कपबशी. एकाच ओट्यावरून दोन उमेदवार प्रचाराला निघायच्या. बाबा ओटीवर डोकं धरून बसत. "कपबशी पन माजी, छत्री पन माजी. लोकांनी इचारलं तर मी काय सांगू?" आई आतून म्हणायची, "सांगा, पाऊस असेल तर छत्री, नायतर च्या प्या." आलेल्या माणसाला आई कपबशीतूनच चहा द्यायची आणि वहिनी मला डोळा घालायची, "बघ हं, वन्सं, आचारसंहितेचा भंग." मी हसायचे. पण खालच्या आळीत ती ओट्यावर बसली की बायका तिच्याभोवती गोळा होतात, आणि मी उभी राहून बोलले की त्या आदराने ऐकतात आणि कामाला लागतात, हे मला दिसत होतं. मी त्यांना मताचा अधिकार समजावून सांगत होते. ती विचारत होती, पोराचा खोकला कसा आहे. मला वाटायचं, ही लबाडी आहे. रात्रंदिवस मी तिच्यात लबाडी शोधत होते, आणि ती सापडत नव्हती हाच माझा खरा राग होता.

मतदान झेडपीच्या शाळेत झालं. पुठ्ठ्याचा आडोसा, टेबलावर शिक्का. तो आडोसा पाहून मला तुमचा नकाशा आठवला. खालच्या आळीतल्या एक म्हाताऱ्या काकी सुनेचा हात धरून आल्या. फाटकाबाहेर आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या होतो. काकींनी दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. "तुमी दोगी एका घरच्या. मी कोनाला देऊ?" काकी खुदकन हसल्या. "नका सांगू. मला ठरवता येतं." बाहेर आल्यावर त्यांनी शाईचं बोट आम्हाला दाखवलं आणि म्हणाल्या, "इतकी वर्सं मंडपात माजा हात माज्या नवऱ्यानं वर केला. आज शिक्का मी मारला." त्या कोणाला देऊन आल्या मला माहीत नाही. पण त्या क्षणापुरती तरी मी तुमची चांगली विद्यार्थिनी होते असं मला वाटलं.

मोजणी तहसीलला झाली. टेबलापाशी मी तिचा गठ्ठा बघत बसले आणि ती माझा. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआपच तशा बसलो. थोड्या मतांनी ती निवडून आली. बाहेर गुलाल उडाला. मावशी म्हणाली, "बायकांनी नवऱ्यांचं ऐकून दिलं असनार, दुसरं काय." मी "हो ना, या बायकांना..." म्हणाले आणि तिथेच थांबले. उभं करून दिलेली तुमची ताकीद इतक्या वर्षांनी तहसीलच्या आवारात ऐकू आली. वाक्य अर्धंच गिळलं आणि तिच्या कपाळाला गुलाल लावला. जरा जास्तच लागला. तिला वाटलं आनंदाने.

घरी आलो. जेवायला बसलो आणि बाबांनी, जे आजवर घराची सगळी मतं एकट्याने बोलत आले, आईला सहज विचारलं, "तू कोनाला दिलंस गं?"

आई वाढत होती. "तुमाला कशाला?"

"अगं, घरातल्या घरात सांगायला काय झालं?"

"दिलं कोनाला तरी. भात घ्या."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. आईने भाताचा ढीग त्यांच्या ताटात ओतला आणि पदराने तोंड पुसलं, आणि मला स्पष्ट दिसलं की ती हसू लपवतेय. बाई, आईला सगळ्या आयुष्यात स्वतःचं असं काही नव्हतं. दागिने सासूचे, जमीन बाबांची, दुखणंसुद्धा ती सगळ्यांना सांगून मोकळी व्हायची. तिचं पहिलं गुपित त्या दिवशी आमच्या ताटांवरून फिरत होतं आणि कोणालाच ते काढून घेता येत नव्हतं. हे घडलं ते मी अर्ज भरला म्हणून. मी जळत होते म्हणून घडलं की तुम्ही शिकवलंत म्हणून, ते तुम्हीच ठरवा.

नंतर भांडी घासताना वहिनी म्हणाली, "तुला विचारायचं असेल तर विचार. बाईंनी कोणाला दिलं होतं."

म्हणजे तुम्ही तिला सांगितलं होतं. मला हरण्यापेक्षा हेच जास्त लागलं असतं. मी म्हणाले, "नको. गुप्त म्हणजे गुप्त."

"मग ऐक," ती राखेने पातेलं घासत म्हणाली. "मलाही माहीत नाही. मी विचारलं होतं त्यांना. त्या दिवशी पोहे खाताना, तू यायच्या जरा आधी. मला वाटायचं, त्यांनी तुलाच दिलं. येता-जाता तुझे प्रश्न घेऊन बसायच्या. म्हणायच्या, हे तिने किती छान विचारलं, त्याला तुझं उत्तर कच्चं होतं. मला वीट आला होता. त्यांनी कढईतला डाव खाली ठेवला आणि म्हणाल्या, 'असं विचारायचं असेल तर पुढच्या वेळी उभी राहू नकोस.' मग मला रडू यायला लागलं, म्हणून त्यांनी कसलातरी विनोद सांगून हसवलं. तेवढ्यात तू दारात."

मी खळखळ पाणी ओतत राहिले. इतकी वर्षं जे हसणं मी उरात घेऊन फिरले, ते तिला लागलेलं बोलणं पुसण्यासाठी होतं. मन हलकं व्हायला हवं होतं. पण पहिला विचार काय आला सांगू? मला तुम्ही सगळ्या वर्गासमोर बोललात आणि तिला एकटीला, पोहे देऊन.

तेव्हापासून ग्रामसभेत मी पहिल्या रांगेत बसते आणि प्रश्न विचारते. ती उत्तरं देते. उत्तर कच्चं असलं तर मी पुन्हा विचारते. थोरले काका आता म्हणतात, "आमच्या गावात दोन-दोन सदस्य हायत एका घरचे." आज सकाळी खालच्या आळीला पुरतं पाणी आलं. टाळ्या तिला मिळतात आणि त्या मला लागतात, कालही लागल्या. याच्यावर औषध असेल तर ते तुमच्या विषयात नव्हतं.

आता शेवटचं. तुमच्या चिंचोक्याचा माग मी इतकी वर्षं काढत राहिले, कारण मला माझ्याकडे बघायचं नव्हतं. त्या दिवशी नकाशामागे मी उगाच उभी नव्हते. स्वतःच्याच मडक्यात टाकणं मला हावरटपणाचं वाटलं. वाटलं, चांगली मुलगी असं करत नाही, आणि माझी मैत्रीण चांगली मुलगी आहे, तीही माझ्याच मडक्यात टाकेल; फिट्टंफाट होईल आणि बाकीचे ठरवतील. तुम्ही विचारलंत, "झालं का गं?" आणि मी दिव्याच्या मडक्यात हात घातला. ती माझ्यासारखी वेडी नव्हती. तिने दिवाच निवडला असणार, आणि त्यात काही चूक नव्हती. एका चिंचोक्याने मी हरले आणि तो तुसातून वेचून रांगेत माझ्याच बोटांनी मांडला. या वेळी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले आणि छत्रीवर शिक्का मारला. हात जरासुद्धा थांबला नाही.

आत काय केलं ते मलाही सांगायचं नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. आज सांगून बसले. तुमचा पत्ता असता तरी हे पत्र आता टाकता आलं नसतं. आणि वहिनीला तर हे कधीच कळता कामा नये. ती मला जवळ घेईल, आणि ते मला सहन होणार नाही.